एक टक्कल, तीन सिनेमे

आमच्या टीममध्ये मागच्या वर्षी एक नियम आला. सकाळच्या स्टँडअप कॉलला सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवायचा. सगळेच घरून काम करतात, निदान एकमेकांची तोंडं तरी दिसू देत, असं मॅनेजरचं म्हणणं. त्यात गैर काही नव्हतं. पण त्यामुळे मला रोज साडेदहा ते पावणेअकरा स्वतःचंच डोकं बघत बसावं लागू लागलं. कॅमेरा खाली ठेवला तर टक्कल कमी दिसतं, पण हनुवटीखाली दुसरी हनुवटी येते. उंच ठेवला तर हनुवटी सुटते आणि टाळू सापडते. आठवडाभर मी खोलीतली ट्यूब, खुर्ची आणि पडदा यांच्या जागा बदलून पाहिल्या. शेवटी टोपी घातली. कोणीतरी विचारलं, तर म्हणालो, "एसी फार गार आहे." माझ्या खोलीत एसी नाही.

माझं वय 28. केस जायला लागले ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून. आधी बाथरूमच्या जाळीत, मग उशीवर, मग मित्रांच्या बोलण्यात. संकष्टीच्या दिवशी मी मेसमध्ये शिरलो की हमखास कोणीतरी म्हणायचं, "चला, चंद्र दिसला, उपास सोडा." मीही हसायचो. आईने हॉस्टेलच्या पाण्याला दोष दिला, मग जागरणाला, मग कॉम्प्युटरला. घरात एक टक्कल समोर बसून जेवत होतं आणि दुसरं भिंतीवर हार घालून होतं, तरी दोष पाण्यालाच.

इंजिनिअर असल्यामुळे मी आधी डॉक्युमेंटेशन वाचलं. पुरुषांचं टक्कल मोजायची एक पट्टी आहे, हॅमिल्टन-नॉरवूड नावाची, एक ते सात. म्हणजे माझ्या डोक्याला व्हर्जन नंबर आहे. मिनॉक्सिडिल हे औषध मुळात रक्तदाबासाठी होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं डोक्यावर लावायचं औषध झालं, आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला टकलासाठी मान्यता मिळाली. फिनास्टराइडच्या गोळीला ती 1997 मध्ये मिळाली. दोन्ही थांबवली की जे मिळवलं ते हळूहळू परत जातं. थोडक्यात, सबस्क्रिप्शन. मी अकरा महिने भरलं आणि सोडून दिलं. ज्यांना करायचं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर करावं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्या टोपीच्या दिवसांत मी तीन सिनेमे पाहिले. 'ओंदू मोट्टेय कथे' (कन्नड, 2017), 'उजडा चमन' (हिंदी, 2019) आणि 'बाला' (हिंदी, 2019). तिन्हींचा नायक तरुण, टकला आणि लग्नाळू. 'उजडा चमन' हा कन्नड सिनेमाचा अधिकृत रिमेक. तो आणि 'बाला' 2019 च्या नोव्हेंबरात एका आठवड्याच्या अंतराने आले, आणि दोन्हींच्या साम्यावरून भांडण कोर्टापर्यंत गेलं. जे डोकं कोणालाच नको असतं, त्याच्या मालकीसाठी दोन निर्माते भांडत होते, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

मला या सिनेमांकडून एकच गोष्ट हवी होती, टोपी काढायचं बळ. ते एकानेही दिलं नाही. पण त्यातल्या एकाने, मी टोपी का घालतो ते दाखवलं. त्याबद्दल हा लेख आहे. (शेवट सांगणार आहे. ज्यांना बघायचे आहेत त्यांनी आधी बघून या.)

हैवान किंवा म्हातारा

आपल्या पडद्यावर टकल्या माणसाला फार पर्याय नव्हते. महेश कोठारेंच्या 'थरथराट'मध्ये (1989) राहुल सोलापूरकरांनी साकारलेला खलनायक होता, त्याचं नावच टकलू हैवान. 'शान'मध्ये (1980) शाकाल होता. हैवान व्हायचं नसेल तर दुसरा पर्याय म्हातारपणाचा. 'सारांश' (1984) हा महेश भट्टांचा फार चांगला सिनेमा. एकुलता एक मुलगा गमावलेल्या, निवृत्त मराठी शिक्षकाची, बी. व्ही. प्रधानांची ती गोष्ट. ती भूमिका करताना अनुपम खेर अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्या अभिनयाबद्दल शंकाच नाही. पण अठ्ठाविसाव्या वर्षी पासष्टीचा वाटू शकणारा नट मिळाला, यात विरळ केसांचा वाटा होताच. मीही 28 चा आहे, आणि रिक्षावाले मला काका म्हणतात.

म्हणून टकला माणूस नायक होतो, प्रेमात पडतो, त्याच्या डोळ्यांनी गोष्ट दिसते, हेच मुळात मोठं होतं. 2017 ते 2019 या दोन वर्षांत असे तीन नायक आले. ते कसे उभे केले आहेत, हा पुढचा प्रश्न.

'बाला'चं भाषण

तिघांत सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेला 'बाला'. दिग्दर्शक अमर कौशिक. कानपूरचा बालमुकुंद शुक्ला गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या कंपनीत काम करतो आणि स्वतः केस गळतीने हैराण आहे. लहानपणी याच बालाचे केस दाट होते, तेव्हा तो टकल्या शिक्षकांची टिंगल करायचा आणि वर्गातल्या काळ्या मुलीला, लतिकाला, झिडकारायचा. मोठेपणी तो विग लावून टिकटॉकवर प्रसिद्ध असलेल्या परीशी लग्न करतो, विगचं गुपित फुटतं आणि परी निघून जाते.

या सिनेमात खूप काही बरोबर आहे. घरगुती उपायांचे प्रसंग मी पोट धरून हसत पाहिले, कारण त्यातले काही माझ्या डोक्यावर होऊन गेले आहेत. परीला सिनेमा खलनायिका करत नाही, हे मला सर्वांत आवडलं. जिला आयुष्यभर फक्त दिसण्यासाठीच शाबासकी मिळाली, तिने नवऱ्याच्या दिसण्याला महत्त्व दिलं तर आश्चर्य कसलं, हे तिच्या तोंडूनच येतं. ही भूमिका करणारी यामी गौतम गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींमुळे घराघरांत पोचलेली, हे लक्षात ठेवून पाहिलं तर प्रसंग आणखी टोचतो. आणि शेवटी बाला लतिकाकडे वळतो तेव्हा ती नाही म्हणते. तिचं आयुष्य पुढे गेलेलं असतं. हा नकार सिनेमातला सर्वांत प्रामाणिक क्षण आहे.

पण त्याआधी एक भाषण आहे. बाला सगळ्यांसमोर विग काढतो आणि स्वतःवर प्रेम करा अशा अर्थाचं बोलतो. टाळ्या पडतात. अडचण इथे आहे. लाज ही काय माईकवर जाणारी गोष्ट आहे का? माझ्या अनुभवात ती रोज सकाळी परत येते. लिफ्टमधल्या आरशात येते, दुसऱ्याने काढलेल्या ग्रुप फोटोत येते, पावसात भिजल्यावर येते. भाषणाला एक संध्याकाळ लागते, दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा लिफ्टमध्ये उभा असतो. सिनेमा त्या दुसऱ्या दिवसाकडे जात नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. लतिकाची भूमिका भूमी पेडणेकरने केली, आणि त्यासाठी तिची त्वचा मेकअपने काळी केली गेली. काळ्या मुलीला काळी आहे म्हणून नाकारू नका, असं सांगणाऱ्या सिनेमाने ती भूमिका काळ्या नटीला दिली नाही. यावर तेव्हाच टीका झाली. हेच वजनाचंही. 'दम लगा के हईशा'साठी (2015) भूमीनेच वजन वाढवलं होतं. मराठीत सचिन कुंडलकरांच्या 'वजनदार'साठी (2016) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वाढवलं. नट्यांच्या मेहनतीचं कौतुकच आहे. पण नंतरच्या बातम्या आठवा. सगळ्या वजन कसं घटवलं याच्या. आहे तसं शरीर स्वीकारा, हे सांगणारं शरीर शूटिंग संपल्यावर उतरवून ठेवता येतं, आणि ते उतरवल्यावर टाळ्या मिळतात. प्रेक्षकांतल्या जाड मुलीला ते उतरवता येत नाही. आयुष्मान खुरानाचं टक्कलही रात्री मेकअपच्या खुर्चीत निघत होतं.

त्याच गोष्टीचे दोन चेहरे

'उजडा चमन' आणि 'ओंदू मोट्टेय कथे' यांची गोष्ट जवळपास एकच. कन्नडमध्ये मंगळुरूच्या कॉलेजात कन्नड शिकवणारा जनार्दन आहे, हिंदीत दिल्लीच्या कॉलेजात हिंदी शिकवणारा चमन. दोघांना ज्योतिषी सांगतो की अमुक काळात लग्न झालं नाही तर मग होणारच नाही. दोघं एकेका मुलीकडे आशेने बघतात, एकेकीकडून परत येतात. पुढे ऑनलाइन ओळख झालेल्या एका मुलीशी गाठ पडते, आणि ती जाड असते.

गोष्ट एक असून एक सिनेमा मला लागला आणि दुसरा लागला नाही, असं का, याचा मी बरेच दिवस विचार केला. पहिलं कारण उघड आहे. जनार्दनची भूमिका राज बी. शेट्टी यांनी केली आहे. सिनेमा त्यांनीच लिहिला, त्यांनीच दिग्दर्शित केला, आणि टक्कल त्यांचं स्वतःचं आहे. त्यामुळे कॅमेऱ्याला ते सारखं दाखवायची घाई नाही. ते तिथे असतं, जसं एखाद्याला चष्मा असतो. जनार्दन त्याखेरीजही कोणीतरी आहे. तो डॉ. राजकुमारांचा निस्सीम चाहता आहे, त्यांची जुनी गाणी सिनेमाभर वाजत राहतात, आणि आपली भाषा शिकवताना विद्यार्थ्यांचं लक्ष नसणं त्याला टकलाइतकंच लागतं. 'उजडा चमन'मध्ये सनी सिंगच्या डोक्यावर मेकअपचं टक्कल आहे आणि सिनेमाचं लक्ष सारखं त्या मेकअपकडे आहे. दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी टोमणा मारतं. चमनला टकलाशिवाय आयुष्यच नाही. ज्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी असं म्हणता, त्याच्याकडे तुम्हीही टक्कल सोडून काहीच बघत नाही, मग त्याच्या विद्यार्थ्यांत आणि तुमच्यात फरक काय?

दुसरं कारण त्या जाड मुलीशी निगडित आहे. 'उजडा चमन' बघताना मला सारखं गणित मांडल्यासारखं वाटत राहिलं. त्याच्यात एक कमी, तिच्यात एक कमी, दोन्हीकडून एकेक वजा केलं की हिशोब जुळला. आपल्याकडे स्थळं बघताना हे गणित मांडणारे काका असतातच. "मुलाला केस नाहीत, मग मुलगी जरा अंगाने असली तर चालवून घ्यावं." चालवून घ्यावं! हा शब्द ज्याच्याबद्दल वापरला गेला आहे त्याला विचारा.

'ओंदू मोट्टेय कथे'तही गोष्ट तीच आहे, पण तिथे नजर जनार्दनावरून हटत नाही. सरला समोर येते आणि त्याचा चेहरा पडतो. ती छान बोलते, हसते, त्याच्या डोक्याकडे ती एकदाही विचित्र नजरेने बघत नाही. हा मात्र तिला लोकांच्या नजरेने बघतो. आपल्याबरोबर ही दिसली तर लोक काय म्हणतील, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. इतका वेळ आपण ज्याच्या बाजूने होतो तो बिचारा माणूस तोच टोमणा मनातल्या मनात मारत असतो, जो ऐकून त्याचं आयुष्य गेलं. तिथे मी लॅपटॉप बंद केला.

वर्ण

तो का बंद केला ते सांगतो.

दीड वर्षापूर्वी एका विवाह संकेतस्थळावर माझी एका मुलीशी ओळख झाली. माझा फोटो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला होता, कपाळावर केस रुळत होते तेव्हाचा. आम्ही तीन आठवडे बोललो. तिलाही माझ्यासारखी जुनी हिंदी गाणी आवडायची, ती डेटाबेसवर काम करायची, आणि माझ्या वाईट विनोदांवर तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं असायचं. मग आम्ही कॉफीला भेटलो. मी टोपी घालून गेलो. ती फोटोपेक्षा सावळी होती आणि गालावर मुरमांचे डाग होते. फोटोत ते दिसत नव्हते. फिल्टर असावा.

कॉफी येईपर्यंत तिने विचारलं, "टोपी काढणार नाहीस का?" मी काढली. ती बघून म्हणाली, "बरं दिसतंय की." आणि गाण्यांबद्दल बोलायला लागली.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "नाही जमलं, वाइब नाही जुळली." आई म्हणाली, "अरे, पण तीन आठवडे तर जुळत होती." मी उत्तर दिलं नाही. मुलीला एक सभ्य मेसेज पाठवला. तिने 'ओके, ऑल द बेस्ट' लिहिलं, त्यापुढे काही नाही.

हे सगळं मी स्वतःला वेगळं सांगितलं होतं. तिने फोटो एडिट करून फसवलं, अशी माझी मनातली तक्रार होती. सात वर्षं जुना फोटो लावून, टोपी घालून बसलेल्या माणसाची ही तक्रार.

आपल्या मराठी बायोडेटांत वर्ण नावाचा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळा हा शब्द तिथे क्वचितच दिसतो, सगळा सावळेपणा गव्हाळमध्ये कोंबलेला असतो. केसांचा रकाना मात्र नसतो. म्हणजे माझी उणीव लपवायची सोय पद्धतीतच आहे, आणि तिची उणीव विचारायचीही. मला वाटायचं, इतकी वर्षं चिडवून घेतल्यामुळे माझ्यात दुसऱ्याबद्दल कणव आली असेल. तसं काही आपोआप होत नाही. उलट मी ती पट्टी इतकी जवळून बघितली होती की मला दुसऱ्याला त्यावर मोजणं सोपं जात होतं. टोपीखाली मी जे झाकत होतो ते फक्त टक्कल नव्हतं. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतील अशी मला भीती होती, त्याच नजरेने मी लोकांकडे बघत होतो. ती माझीच नजर होती, म्हणून मला ती इतकी ओळखीची होती.

चिमटा

इथपर्यंत आल्यावर 'स्वतःला स्वीकारा' म्हणून लेख संपवता आला असता. पण मग 'फँड्री'तला जब्या आठवतो. नागराज मंजुळेंच्या या सिनेमात (थिएटरमध्ये 2014 साली आला) जब्या चेहऱ्यावर पावडर थापतो, नाक धारदार व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावतो. शाळेत चोखोबांचा अभंग शिकवला जातो, बाह्य रूपापलीकडे बघायला सांगणारा. आणि शाळेबाहेर गाव त्याला त्याच्या जातीवरून, घरच्यांना डुकरं धरावी लागतात त्यावरून चिडवत असतं. सिनेमाचं नावच कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द आहे.

जब्याला कोणी माईक दिला आणि स्वतःवर प्रेम कर म्हणून सांगितलं, तर ते किती पोकळ वाटेल बघा. त्याची लाज त्याच्या नाकात नाहीच. ती गावाने तिथे आणून ठेवली आहे. म्हणून सिनेमाच्या शेवटी तो आरशासमोर उभा राहून हसत नाही, दगड उचलून भिरकावतो, आणि तो दगड थेट आपल्या दिशेने येतो. मी प्रेक्षकांत बसलो होतो तेव्हा मला वाटलं होतं की तो गावातल्या त्या टग्यांसाठी आहे. आता मला तसं खात्रीने म्हणता येत नाही.

माझं टक्कल आणि जब्याचा रंग यांची तुलना मी करत नाहीये. माझ्याकडे पगार आहे, आडनाव आहे, नको वाटलं तर क्लिनिकमध्ये जाऊन केस लावून घ्यायची सोय आहे. टकल्या पुरुषाला चिडवतात, पण भाड्याने घर नाकारत नाहीत. शरीराबद्दलच्या आपल्या सिनेमांत हा फरक फारसा दिसत नाही. टकला, जाड, काळा, बुटका, सगळे एका रांगेत उभे करून एकच गोळी दिली जाते, आत्मविश्वासाची. 'ओंदू मोट्टेय कथे'ही जातीपर्यंत जात नाही. पण निदान तो आत्मविश्वास विकत नाही. तो नायकाला बघणारा म्हणून पकडतो, आणि त्याच्यासोबत आपल्यालाही. मला तिघांत तो श्रेष्ठ वाटतो तो यासाठी.

लेख लिहायला घेतल्यावर मी प्रोफाइलवरचा फोटो बदलला. गेल्या महिन्यात भावाने गच्चीवर काढलेला, भर उन्हातला, टाळू चमकणारा. येणारे इंटरेस्ट निम्म्याहून कमी झाले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या मुलीला माफीचा मेसेज लिहिला होता, तीनदा लिहून खोडला. दीड वर्षाने कोणाला तरी 'मी तुला रंगावरून नाकारलं होतं' हे कळवून हलकं कोण होणार होतं? मीच. म्हणून पाठवला नाही.

स्टँडअपला आता टोपी घालत नाही. फार धीर आला आहे असं नाही. कॉलमध्ये स्वतःची खिडकी लपवायचं एक बटण असतं, ते मला इतके महिने दिसलंच नव्हतं. ते दाबल्यापासून मला इतर सात जण दिसतात. आमच्या टेस्टिंगमधली एक मुलगी नेहमी डावा गाल हाताने झाकून बसते. मॅनेजर स्वतः कॅमेरा इतका वर ठेवतो की त्याचं फक्त कपाळ दिसतं. त्याच्याही कपाळाची व्हर्जन माझ्या पुढे दोन आहे. मी आता त्या पट्टीने मोजायचं थांबवायला बघतोय. आज सकाळीही मोजलंच.